घोरपडीच्या पिक्चरातली आई

कौसाला कुणी काही सांगायला लागलं की ती आधी हात वर करून त्याला थांबवायची आणि विचारायची, "हे आधीचं का नंतरचं?" कुणाचं लग्न असो, कुणाची म्हैस असो, नाहीतर कुणाची भावकीतली मारामारी. आधीचं म्हणजे भूकंपाच्या आधीचं. आमच्या औसा तालुक्याच्या पट्ट्यात हे सगळेच विचारतात, त्यात नवल नाही. पण बाकीचे माणसांपुरतं विचारतात. माझी बायको पिक्चर बघतानाही विचारायची. टीव्हीवर नट नाचायला लागला की म्हणायची, "अवो, हे आधीचं का नंतरचं?"

मी म्हणायचो, "त्याला काय ठाव भूकंप? त्यो मुंबईत नाचून राहिला."

"तरी बी. पाय कसा आपटून राहिला बघा. ह्याच्या खालची जमीन कधी हाललेली न्हाई."

अशी ती होती. बुटकी, काळी, आवाज मोंढ्यातल्या हमालासारखा. हमाल मी होतो, आवाज तिला होता. तिला जाऊन दोन पावसाळे झाले. तिच्याबद्दल सांगायचं तर लोकांना वाटतं मी देवभक्तीचं, कष्टाचं सांगेन. देवभक्ती तिच्यात बेताचीच होती आणि कष्ट काय, सगळेच करतात. तिच्यासारखं दुसऱ्या कुणी केलेलं मी बघितलं नाही ते एकच. एका राक्षसाच्या पिक्चरांची तिनं वर्षानुवर्षं संगती लावली. कुठला आधीचा, कुठला नंतरचा. आणि त्यात तिला एका बाईला हुडकायचं होतं.

आमची लेक एकच, शोभी. दुसरीत होती. मी लातूरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाली करायचो आणि तिथंच खोली करून राहायचो. कौसा दवाखान्यासाठी दोन दिवस माझ्याकडं आली होती आणि शाळा बुडू नये म्हणून पोरगी गावी माझ्या आईजवळ होती. गणपती बुडवून लोक झोपले आणि पहाटं जमीन हालली. आम्ही पोचलो तर पाऊस लागलेला, माळवदाची घरं बसून नुसते मातीचे ढीग, आणि फौजेनं मिळतील त्या लाकडांवर सगळ्यांना एकत्र अग्नी दिलेला. आई त्यात होती, हे डोळ्यानं बघणारे भेटले. शोभीला बघितलेलं कुणी भेटलं नाही. एक जण म्हणाला, तशीच एक पोरगी गाडीत घालून सोलापूरला नेली. आम्ही सोलापूरचे दवाखाने पालथे घातले. नव्हती.

मी समजून घेतलं. कौसानं नाही घेतलं. रडली नाही, डोकं आपटलं नाही. "मी बघितलं न्हाई," एवढंच म्हणायची. "बघितल्याबिगर गेली कसं म्हणू?"

सरकारनं गाव उचलून दुसरीकडं बसवलं. नाव तेच. सिमेंटच्या खोल्या, सरळ रांगा, मधे एवढा मोठा रस्ता की समोरच्याला हाक मारली तर ऐकू जाऊ नये. आम्हालाही एक घर मिळालं. कौसा एकदा उंबऱ्यापर्यंत गेली आणि मागं फिरली. "हे गाव नंतरचं हाय," म्हणाली. "हितं शोभी कधी आलीच न्हाई, तर मी हितं काय करू?" मग आम्ही लातुरातच राहिलो.

तेव्हा लातुरात क्लासेस वाढायला लागले होते. नांदेड, धर्माबाद, चाकूर, कुठून कुठून पोरं-पोरी डॉक्टर व्हायला यायच्या. आमच्याकडची लेकरं मातीत गेली आणि गावोगावची लेकरं गाद्या आणि ट्रंका घेऊन लातूरच्या स्टँडवर उतरली. खोल्यांचे भाव वाढले, गल्लीत पाट्याच पाट्या. कौसानं खानावळ काढली. पोरींचे डबे द्यायची. डब्यात कमी घालणं तिला जमायचं नाही. एखादी पोरगी परीक्षेच्या भीतीनं जेवली नाही की खोलीवर जाऊन दम द्यायची, "जेव की गं बये. उपाशी माणसाला बेडूक बी कापता येत न्हाई." त्या पोरी तिला मावशी म्हणायच्या आणि जाताना रडायच्या. ती नाही रडायची. "पास हो, न्हाईतर नापास हो," म्हणायची. "पर फोन करून सांग की पोचले म्हणून."

गल्लीच्या तोंडाला ख्वाजाभाईचं सीडीचं दुकान होतं. भाड्यानं पिक्चर द्यायचा. कौसा जनाबाईचा नाहीतर कुठल्या तरी संताचा पिक्चर आणायला गेली तर तो आधीच कुणी नेलेला. ख्वाजाभाई म्हणाला, "भाभी, ये ले जाव. जानवर का पिक्चर है. बच्चे लोगां बहुत देखते."

ते जानवर म्हणजे डोंगराएवढी घोरपड. परदेशातला पिक्चर, बोलणं हिंदीत केलेलं. कौसा त्याला घोरपडच म्हणायची. ती जमिनीच्या पोटातून वर येते, आधी भांडी वाजतात, कुत्री रडतात, मग शहर कोसळतं. हे बघून कौसा सरळ होऊन बसली. "ह्येनं बघितलंय," म्हणाली. "ज्यानं पिक्चर काढलाय त्येनं बघितलंय. भांडी आधी वाजतेत, हे उगं कुणाला ठाव नसतंय." मी म्हणालो, "त्यो परदेशी माणूस, त्याला काय?" तर म्हणाली, "तिकडं जमीन नसती का?"

त्या पिक्चरात एक लहान पोरगी आहे. पिवळा फ्रॉक. शाळेत असते आणि शाळेचं छत बसतं. मग तिची आई येते, ढिगाऱ्यावर बसते आणि हातानं दगड काढायला लागते. एवढंच. नंतर फौज, विमानं, घोरपड समुद्रात जाते आणि पिक्चर संपतो. पोरगी सापडली का नाही, दाखवलंच नाही.

कौसा सीडी घेऊन दुकानात गेली. मी सोबत होतो.

"ख्वाजाभाई, पोरीचं काय झालं?"

"कौन सी पोरी?"

"पिवळ्या फ्रॉकाची."

ख्वाजाभाईला गिऱ्हाईक राखायचं होतं. म्हणाला, "हौ, वो! वो अगले पार्ट में है भाभी. मिलिटरी वाले निकालते उसकू."

"मंग द्या की अगला."

"माल नै आया ना. हैदराबाद से आना. आया तो पहले आपकूच देतूं."

ख्वाजाभाई वाईट माणूस नव्हता. भूकंपात त्यानं ट्रक भरून पाव वाटलेला. पण त्याच्या धंद्याची एक रीत होती. माल ज्या क्रमानं यायचा त्या क्रमानं तो कव्हरवर खडूनं पार्ट टाकायचा. पहिला आला तो एक, नंतर आला तो दोन. परदेशात तो वीस वर्षं आधी निघाला असो का मागच्या महिन्यात. वर हिंदी करणाऱ्यांनी प्रत्येकाला नवंच नाव दिलेलं. त्यामुळं लातूरच्या आमच्या गल्लीत त्या घोरपडीचा जन्म, मरण आणि पुन्हा जन्म ख्वाजाभाईच्या खडूवर अवलंबून होता.

दुसरा आला. त्यात शहर पुन्हा उभं. तीच इमारत, तोच पूल, लोक बाजार करून राहिले. घोरपड येते आणि पंखवाल्या एका जनावराशी भांडते. मी म्हणालो, "हे काय, मागं तर सगळं पाडलं होतं."

कौसा माझ्याकडं अशी बघायला लागली की जसा मी खुळा. "पुनर्वसन झालंय," म्हणाली. "रस्ता बघा की किती मोठा केलाय."

तिच्या डोक्यात सगळं बसलं. गाव पडतं, सरकार दुसरं बसवतं, नाव तेच ठेवतं. यात अवघड काय? शिकलेली पोरं ज्याला चूक म्हणायची, ते तिला रोजचं होतं.

मग तिसरा आला. त्यात एक डॉक्टरीणबाई आहे, घोरपडीवर अभ्यास करणारी. तिच्या टेबलावर तिचा लहानपणचा फोटो. पिवळा फ्रॉक. नावही तेच. कौसानं माझा हात असा धरला की बांगडीचा वण उठला. "जिती हाय," म्हणाली. "अवो, पोरगी जिती हाय. डॉक्टर झाली."

मी बघत होतो, त्या पिक्चरात लोक घोरपडीला बघून म्हणतात, असं जनावर आम्ही आजपर्यंत कधी बघितलं नाही. मी ते तिला दाखवलं. पोरगी तीच असेल तर लोक असं कसं म्हणतील?

"नव्या गावातली लेकरं काय म्हणतेत?" कौसा म्हणाली. "भूकंप कसा असतंय आजी, म्हणून इचारतेत का न्हाई? इसरतेत लोक. त्यात काय."

मी टीव्ही बंद केला.

पण एक गोष्ट तिच्या मनाला लागून राहिली. पोरगी जिती आहे, शिकली, मोठी झाली. मग आई कुठं आहे? ढिगाऱ्यावर बसलेली ती बाई पुन्हा एकाही पिक्चरात दिसली नाही. डॉक्टरीणबाई आईचं नावसुद्धा काढत नाही. आईला पोरगी मिळाली का? का आई तिकडं दगडच काढत राहिली आणि पोरीला सोलापूरसारख्या कुठल्या दवाखान्यात नेऊन दुसऱ्या कुणी वाढवलं? कौसाला एवढंच शोधायचं होतं, त्या दोघींची गाठ कुठल्या पिक्चरात पडते.

वर्षं गेली. दर बाजारच्या दिवशी ती ख्वाजाभाईकडं जायची. "आली का ओ आई?" लांबूनच विचारायची. ख्वाजाभाई म्हणायचा, "इसमें नै है भाभी, अगले में है." तिला पिक्चरांची नावं लक्षात राहायची नाहीत, म्हणून दुपारी डबे धुऊन झाले की ओट्यावर एकेक डबा मांडायची. हा शहर पाडलेला. हा पंखवाला. ह्यात घोरपडीला पिल्लू होतं. हा बर्फातला. हा डॉक्टरीणबाईचा. मग एखादा उचलून मागं ठेवायची, पुढं ठेवायची. मधे हातभर जागा सोडायची. ती जागा आईची.

पोरी हसायच्या. एक हसली नाही. तहसीन. धर्माबादची, बाप मिरचीचा व्यापारी. एकदा परीक्षा देऊन नंबर हुकलेला, दुसऱ्यांदा आलेली. घरात चार भाऊ आणि चौघंही या घोरपडीच्या नादातले, त्यामुळं हिला सगळं पाठ. ती डबा न्यायला आली आणि ओट्यापाशी थांबली.

"मावशी, हे सगळं चुकीचं लावलंय तुम्ही."

"मी कुठं लावलं? ख्वाजाभाईनं लावलंय. मी नुसते डबे ठिवले."

तहसीननं ओढणी खोचली आणि डबे हलवायला लागली. पिल्लाचा पुढं, पंखवाल्याचा मागं. मग तिनं बर्फातला आणि डॉक्टरीणबाईचा असे दोन डबे रांगेतून उचलले आणि खालच्या पायरीवर वेगळे ठेवले.

"ही दुसरी रांग," म्हणाली. "ह्या रांगेत पहिला पिक्चर झालाच नाही."

"झालाच न्हाई म्हंजी? मी बघितलाय."

"आपण बघितलाय मावशी. त्यांच्याकडं झाला नाही. पिक्चर काढणाऱ्यांनी ठरवलं, जुनं सगळं सोडून द्यायचं आणि नव्यानं सुरू करायचं. म्हणून तर हे लोक घोरपडीला पहिल्यांदा बघतात."

मी बाजूला कांदे निवडत होतो. मला तहसीनला गप्प बस म्हणायचं होतं. पण कौसानं दुसरा डबा पुसायला घेतला होता आणि आवाज नेहमीसारखाच होता.

"मंग डॉक्टरीणबाई?"

"ती खालच्या रांगेतली. तिच्या शाळेचं छत पडलंच नाही. घोरपडच आली नव्हती ना."

"आन् वरच्या रांगेतली पोरगी?"

तहसीनला तेव्हा अंदाज आला असावा, काय चाललंय. ती माझ्याकडं बघायला लागली. मी मान खाली घातली. ती पोरगी खोटं बोलणारी नव्हती. म्हणाली, "ती गेली मावशी. दाखवत नाहीत, पण पहिल्याच पिक्चरमध्ये, छताखाली गेली."

"खालच्या पोरीला आई हाय?"

"असेल की. घरी असेल. तिला काय झालंय?"

"आन् वरच्या आईला कळतंय का, की खाली एक पोरगी हाय म्हणून?"

"नाही मावशी. ह्या रांगेतून त्या रांगेत जाता येत नाही."

"मंग वरच्या आईचं पुढं काय?"

"पुढं काही नाही. पिक्चर संपतो."

"पिक्चर संपतो," कौसा म्हणाली. "बाई संपती का? दुसऱ्या दिशी सकाळी उठली आसंल ना ती?"

तहसीन रडायला लागली. कौसा तिच्यावर खेकसली, "तू कामून रडतीस? तुझा काय दोष? नीट सांगितलंस, एवढी वर्षं कुणी नीट सांगितलं न्हाई." मग उठली आणि भाजीचं पातेलं आणलं. दोन्ही रांगांतल्या डब्यांत सारखी भाजी वाढली.

त्या वर्षीच्या पितरांच्या पंधरवड्यात तिनं माझ्या आईचं पान वाढलं, दरवर्षी वाढायची तसंच. मग शेजारी एक लहान पान ठेवलं. मला म्हणाली, "शोभीला काय आवडायचं, तुमच्या ध्यानात हाय का?" मी म्हणालो, गुळाचा शिरा. "न्हाई," म्हणाली. "पुरणाची पोळी फुटून तव्यावर पुरण जळतंय ना, ती खरवड." मग तिनं मुद्दाम पोळी फोडून पुरण जाळलं. घरभर धूर झाला. ते खरवडून पानावर वाढलं आणि मला म्हणाली, "नाव घ्या. मला घेववत न्हाई." मी घेतलं.

लोक म्हणतात, एकदा मान्य केलं की जीव शांत होतो. ज्यांचं गेलेलं नसतं तेच असं म्हणतात. कौसा शांत झाली नाही, थंड झाली. ख्वाजाभाईकडं जाणं सोडलं. तो एकदा घरी येऊन म्हणाला, "भाभी, नया पार्ट आया, माँ है इसमें, कसम से." ती म्हणाली, "ख्वाजाभाई, तुमी लई वर्षं माझं मन राखलं. आता ऱ्हाऊ द्या. च्या घ्या." तो चहा न घेता गेला. पुढं सीडीचा धंदाच बसला. कौसाला आशा होती तोवर ती बाजारला जायची, भांडायची, डबे इकडंतिकडं करायची. आशा गेल्यावर नुसती खानावळ उरली. पंधरा वर्षं खानावळ. मला विचाराल तर ते जगणं तहसीननं खरं सांगायच्या आधीपेक्षा वाईट होतं. तरी त्या पोरीला मी कधी बोल लावला नाही. खोट्यावरही माणूस कुठवर ठेवायचा?

शेवटी तिची मूत्रपिंडं गेली. लातुरातच दवाखान्यात ठेवली. तिथल्या सिस्टरनं कागद भरताना विचारलं, "आजी, लेकरं किती?" मी बोलणार तेवढ्यात तीच म्हणाली, "एक होती." आयुष्यभर ती "एक हाय" म्हणत आलेली. नंतर माझ्याकडं वळून म्हणाली, "घरी जावा. हितं बसून मला मरताना काय बघायचं?" मी म्हणालो, बघितल्याबिगर गेली कसं म्हणू? ती हसली. "बरं, मंग बघा," म्हणाली. तिसऱ्या दिवशी मी बघितलं.

तहसीन आता नांदेडला डॉक्टर आहे. कौसाच्या मातीला आली होती. मागच्या थंडीत तिचा फोन आला. "काका, घोरपडीचा नवा पिक्चर आलाय. ह्यांनी मधले सगळे सोडून दिलेत. खालची रांगही सोडली. हा सरळ पहिल्याच्या पुढचा आहे. आणि त्यात आई आहे."

मी एसटीनं नांदेडला गेलो. मोठं थिएटर, खुर्ची मागं कलणारी. तिनं तिकीट काढलं आणि माझ्या शेजारी बसली. अर्धा पिक्चर झाल्यावर ती आई आली. म्हातारी, पांढरे केस. कुणी अधिकारी तिच्याकडं घोरपडीची चौकशी करायला जातो. ती दार उघडते, त्याला पाणी देते. तो विचारतो, तुम्ही तेव्हा तिथं होता ना? ती हो म्हणते. मग बाहेर भांडी वाजायला लागतात, तो पळतो. बाई दारात उभी राहते आणि पिक्चर दुसरीकडं जातो. परत ती दिसली नाही.

बाहेर आल्यावर तहसीननं डोळे पुसले. "काका, मावशी असत्या तर बरं वाटलं असतं ना त्यांना? आई दाखवली एकदाची. जगली होती ती."

"न्हाई," मी म्हणालो. "तिनं इचारलं असतं, मधली वर्षं कुठं हायत?"

तहसीननं पर्समधून गाडीची किल्ली काढली.

"मधलं कुणी काढत नसतं काका," म्हणाली. "त्यात घोरपड नसते."

बरोबर बोलली. त्यात एक बाई पीठ मळून राहिली आणि एक माणूस कांदे निवडून राहिला, एवढंच असतं. ते बघायला तिकीट कोण काढणार?